एका पोटाच्या सात नळ्या

माझ्या नवऱ्याला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना घड्याळ म्हणत. कारण सांगायला लाज वाटायला हवी, पण यांना ती कधी वाटली नाही. पहाटे चहाचा पहिला घोट पोटात जायचा अवकाश, की हे निघाले. थंडी असो, ताप असो, घरात पाहुणे असोत, त्यात कधी खंड नाही. पन्नाशी ओलांडली की पुरुषांच्या गप्पा पोटाभोवती फिरायला लागतात. कुणाला होत नाही, कुणाचं एकदा जाऊन भागत नाही, कुणी रात्री चूर्ण घेऊन झोपतो. त्या सगळ्यांत आमचे हे राजे. लोक पोराबाळांचा अभिमान धरतात, कुणी घराचा धरतो. आमच्याकडे या एका गोष्टीचा होता.

आमचा कारखाना धुलाईचा. हॉटेलांतून आणि इस्पितळांतून चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्या भरभरून येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जातात. हे इस्त्रीखात्यात होते. तिथे लांबलचक तापलेले रूळ असतात. एका बाजूने दोघांनी ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने दोघांनी ती कडक होऊन आली की झेलायची. मी शिवणखात्यात, फाटलेल्या चादरींना ठिगळं लावते. दोन्ही खात्यांच्या मधे नुसती एक काचेची भिंत आहे, त्यामुळे इस्त्रीखात्यात काय चाललंय ते मला दिसतं, आणि जे दिसत नाही ते बायका सांगतात.

इस्त्रीखात्यात पन्नाशीपुढचे सात पुरुष होते आणि त्यांची पक्की सात जणांची टोळी होती. एकाला उशीर झाला तर दुसरा त्याची हजेरी लावणार. एकाची पाठ धरली तर दुसरा त्याच्या वाटणीचा रूळ सांभाळणार. वर्षाची लघवीची तपासणी आली की सातांतला जो सगळ्यांत तरणा त्याने सातही बाटल्या भरायच्या, हासुद्धा त्यांचा जुना रिवाज. कधी कुणाला काही निघालं नाही, कारण त्या एकाला काही नव्हतं. याला ते दोस्ती म्हणत. मी आपली त्याला मूर्खपणा म्हणायचे, पण लघवीवरून कुणाचं काय बिघडतंय, म्हणून जास्त बोलायचे नाही.

मग त्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी आली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सगळ्यांना जेवणघरात बसवलं आणि एकेक छोटा खोका हातात दिला. आत एक नळी, नळीच्या झाकणाला चिकटलेली काडी, आणि एक पिशवी. सकाळी शौचाला झालं की काडी चार ठिकाणी टोचायची, नळीत घालून झाकण लावायचं, पिशवीत टाकून आणून द्यायची. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त असेल तर त्यातून कळतं, आणि लवकर कळलं तर माणूस वाचतो, असं बाई म्हणाल्या. नीट सांगितलं त्यांनी. पण जेवणघरात अर्धे लोक छताकडे बघत होते आणि अर्धे हसू दाबत होते.

शिवणखात्यातल्या आम्ही बायका नाकं मुरडत का होईना, आपापली नळी देऊन मोकळ्या झालो. मुलांची लंगोटी बदललेल्या हातांना त्याचं काय मोठंसं. इस्त्रीखात्यात मात्र सुतकी कळा. दिवसभर इस्पितळाच्या चादरी हाताळणारे हे बाप्ये, कसले कसले डाग पाहिलेले, त्यांना स्वतःची काडी धरवेना. त्यांच्यातला एक होता, त्याला नवरदेव म्हणत, केस काळे करून भांग पाडल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. तो म्हणाला, मी आजवर वळून पाहिलेलं नाही, आता काय टोचत बसू. दुसरा पूर्वी बॉयलरवर होता, म्हणून अजून बॉयलरवालाच; तो म्हणाला, जे नशिबात आहे ते चुकतं का, मग हात दाखवून अवलक्षण कशाला. आणि वकील.

वकील म्हणजे खरा वकील नव्हे. कशावरही वाद घालायचा म्हणून हे नाव पडलं. यांचा सगळ्यांत जवळचा मित्र, लग्न झाल्यापासून मला वहिनी म्हणत आलेला. त्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याचे वडील साध्या तपासणीला म्हणून आपल्या पायांनी चालत गेले होते. पोटात गाठ आहे असं कळलं आणि त्या दिवसापासून अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. "गाठीने नाही मेले ते," वकील म्हणायचा, "कळल्याने मेले. शोधलं नाही तर सापडत नाही." एवढं बोलून झालं की त्याला स्वतःलाच ते पटायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सातही जणांचं मत. पण नळी दिली नाही तर नर्सबाई रोज खात्यात येऊन विचारणार, आणि साहेबांनी तर भिंतीवर कागद लावला होता, शंभर टक्के नळ्या देणाऱ्या खात्याला एक दिवस जादा सुट्टी. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे प्रश्न एकच उरला, सातांत निरोगी पोट कुणाचं. तिथे वादच नव्हता.

हे त्या संध्याकाळी सात खोके घेऊन घरी आले आणि लग्नात वरमाईला मान मिळावा तसे फुगून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या खिडकीत, दात घासायच्या ब्रशांच्या शेजारी, मला सात नळ्या ओळीने उभ्या दिसल्या. मी ओरडले. आधी ब्रशांपायी ओरडले, मग बाकीचं डोक्यात शिरलं.

"अहो, प्रत्येकाचं पोट वेगळं असतं. दुसऱ्याला काही असेल तर कळणार कसं?"

"त्यांना कळायलाच नकोय," हे म्हणाले. "आणि आपलं काय जातंय? देवाने एवढं साफ पोट दिलंय, चार लोकांच्या उपयोगी पडू दे."

मी खोक्यात भरून दिल्या नळ्या. दुसरं काय करणार, न्हाणीघरात ठेवून घेऊ?

काही दिवसांनी नर्सबाईंनी इस्त्रीखात्यातल्या सातही जणांना एकत्र बोलावलं. काचेतून मला ते जाताना दिसले, खांद्यावर हात टाकून, हसत. परत आले तेव्हा कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर नव्हता.

घरी आल्यावर हे म्हणाले, "सातही जणांचं खराब आलं." आणि हसले. "म्हणजे यंत्रच बिघडलेलं असणार. सात जणांना एकदम रोग होतो का कधी?"

मी हातातला डबा खाली ठेवला. "सात जणांचं आलेलं नाही. तुमचं सात वेळा आलंय."

हे हसायचे थांबले. मी आजवर यांना पुष्कळ बोलले असेन, पण बोलणं इतकं जागेवर जाऊन बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग उठले, नळ सोडून बराच वेळ तोंड धुतलं आणि आल्यावर दुसरंच बोलायला लागले. मला दुखत नाही, खुपत नाही, भूक लागते, झोप लागते. आजारी माणूस असा असतो का. मी सोडलं नाही. एखाद्या वेळी चुकेल, दोनदा चुकेल, सात वेळा एकाच पोटाकडे बोट दाखवलं जातं तेव्हा ते चुकत नसतं, असं मी म्हणाले. नर्सबाईंना जाऊन एकटे भेटा, खरं सांगा आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या. खालून दुर्बीण घालतात हे ऐकून यांनी कानांवर हात ठेवले.

कारखान्यात तोवर वेगळाच गोंधळ उडाला होता. एका खात्यातले सातही जण म्हटल्यावर साहेबांची झोप उडाली. युनियनच्या पुढाऱ्याने लगेच विचारलं, आमची माणसं कसली वाफ हुंगतायत, साबणात काय घालता. नर्सबाई म्हणाल्या, ते मागाहून बघू, आधी सातही जणांची दुर्बिणीची तपासणी. आता टोळीची पंचाईत झाली. तपासणीला जावं तर जी गोष्ट टाळायला एवढं केलं तीच पदरात पडते. खरं सांगावं तर फसवणूक केली म्हणून नोकरीवर येते. नवरदेव तर काचेपलीकडे रुळाशी उभ्या उभ्या रडला.

एका रविवारी वकील आमच्या घरी आला, बरोबर नवरदेवाची आणि बॉयलरवाल्याची बायको. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. वहिनी, तुमच्या हातात आहे सगळं, तुम्ही तेवढं तोंड उघडू नका. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या पोटाचं काय? दोघी पुन्हा नोकरीचंच बोलायला लागल्या. त्या वाईट बायका नाहीत. पण आपल्या घराला आग लागलेली असताना शेजारच्या धुराकडे कोण बघतंय.

वकिलाने वाट काढून आणलीच होती. नळ्यांचे खोके नर्सबाईंकडे जाण्याआधी दिवसभर रुळांच्या शेजारी पडलेले होते. तिथे केवढा उकाडा. तेव्हा नमुने उष्णतेने खराब झाले असं सांगायचं. साहेबांना ते हवंच असणार, पुढाऱ्याचं तोंड बंद होतं. नर्सबाईंनाही हवं असणार, खोके दिवसभर तिथे पडू दिले ही चूक त्यांचीच. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे अंगणाच्या मालकालाही ते वाकडंच हवं होतं. तसंच झालं. जुने सात कागद रद्द झाले आणि सात नव्या नळ्या आल्या.

मी यांना म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर उद्या मी सांगते. तेव्हा हे पहिल्यांदा चिडले. "सहा घरं बसतील. तुला चालेल?" मी म्हटलं, चालेल. माझं घर उभं राहणार असेल तर चालेल. खरंच तसं वाटत होतं मला, अजूनही वाटतं. हे खाली बसले. मग म्हणाले, "थांब. नवी नळी आली आहे ना. या वेळी ज्याची त्याची नळी, तसं ठरलंय आमचं. मी माझी नीट देतो. खराब आली तर दुर्बिणीला जातो, बाकीचे सहा येतात की नाही ते न बघता जातो. मग तर झालं?"

"माझी शपथ घ्या."

यांनी माझ्या गळ्याला हात लावला. "तुझी शपथ."

त्या सकाळी मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिले. लाज वाटायची वेळ निघून गेली होती. हे बाहेर आले, हातात पिशवी, पिशवीत झाकण लावलेली नळी. "तुमचंच दिलंत ना?" मी विचारलं. "नाहीतर कुणाचं देऊ?" हे म्हणाले. झाकण लावलेली नळी उघडून बघायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खिशात घालून हे कामावर गेले.

कागद आला. यांच्या नावापुढे लिहिलं होतं, काही आढळले नाही. हे तो कागद हातात धरून दारातूनच दाखवत आले. मी दोनदा वाचला. मग मी पायरीवर बसून रडले. त्या दिवशी मी घरात गोड केलं. यंत्र बिघडलं असेल, उकाडा असेल, वकील म्हणतो तेच असेल, काहीही असू दे. मला हवं ते लिहून आलं होतं आणि मी ते मानलं.

टोळीत एकट्या बॉयलरवाल्याचं खराब आलं. बायकोने त्याला ओढत दुर्बिणीला नेलं. आत एक छोटा कोंब होता, पुढेमागे कॅन्सर होणारा. तो त्याच वेळी काढला, आणि पुढच्या आठवड्यात हा पुन्हा रुळावर चादरी झेलत होता. नशिबाची भाषा त्याने सोडली ती सोडलीच.

उन्हाळा सुरू झाला तसे हे थकायला लागले. रुळांपुढे उभं राहवेना, म्हणाले उकाडा आहे. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं, म्हणाले वजन उतरलं ते बरंच झालं. पहाटेचं घड्याळ बिघडलं होतं. दिवसातून तीनतीनदा जायचे आणि आत गेले की नळ जोरात सोडायचे, मला काही ऐकू येऊ नये म्हणून. मी विचारलं की कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या त्या कागदाकडे बोट करायचे. "डोळे आहेत ना? वाच की." मी वाचायचे. छापलेल्या कागदाशी कोण भांडणार. मी बीट आणून घालत होते, पालेभाज्या घालत होते, रक्त वाढायला. रक्त जात कुठून होतं ते त्यांना एकट्यांना माहीत होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर हे रुळाजवळ चक्कर येऊन पडले. तापलेल्या रुळावर हात पडायचा, वकिलाने मागून ओढलं म्हणून वाचला. मी काचेच्या भिंतीतून बघत होते.

इस्पितळात पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. गाठ आतड्यातून यकृतात गेली होती. डॉक्टर तरुण होते, चांगले बोलले. आता जे करायचं ते दुखू नये एवढ्यासाठी करायचं, असं त्यांनी सांगितलं. नळीची तपासणी कधी झाली होती का, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, सात नळ्यांचंसुद्धा. आता कुणाची नोकरी वाचवायची होती मला?

उकाड्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. "उष्णतेने नळीतलं रक्त नाहीसं होतं, बाई. नसलेलं रक्त उगवत नाही. पहिले सातही कागद खरेच होते." मग म्हणाले, "कळत नाही ते नंतरच्या कागदाचं. एवढी मोठी गाठ आणि कागद स्वच्छ. असं होऊ शकतं, अगदीच होत नाही असं नाही. पण नवल आहे."

मी त्या नवलाशी दोन दिवस एकटी बसले.

तिसऱ्या दिवशी सहाही जण भेटायला आले. कामावरून परस्पर आले होते, अंगाला साबणाचा आणि वाफेचा वास. फळांच्या पिशव्या पायथ्याशी ठेवून खाटेभोवती उभे राहिले. यांना बरं वाटलं. बोलायचं त्राण नव्हतं, पण डोळे हसत होते. बॉयलरवाल्याने माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, मी आज उभा आहे तो घड्याळामुळे. त्याच्या त्या सात कागदांनी पोटात गोळा आला नसता तर मी काडीला हात लावला नसता."

"खरं आहे," नवरदेव म्हणाला. त्याच्या केसांची मुळं पांढरी दिसत होती. "वरवर आम्ही उकाडा उकाडा म्हणत होतो, पण मनात पाल चुकचुकली होती. दुसऱ्या वेळी सगळ्यांनी गुपचूप आपापली दिली. वळून पाहिलं मी, वहिनी. डोळे उघडे ठेवून पाहिलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वकील तेवढा खिडकीबाहेर बघत राहिला. हा माणूस कधी गप्प बसत नाही. मी त्याला म्हटलं, भाऊजी, जरा बाहेर या.

बाहेर पडल्यावर मला काही विचारावंच लागलं नाही. भिंतीला टेकून तो खाली बसला. मग त्याचं तोंड उघडलं. "त्या सकाळी तो कामावर आला तो कोरी नळी घेऊन. म्हणाला, तुझी दे. मी नाही म्हटलं. वहिनी, आईशपथ नाही म्हटलं. म्हटलं, वेड्या, पहिलं तुझं होतं, तुला माहीत आहे. तर म्हणाला, माहीत आहे म्हणूनच मागतोय."

मी उभीच होते.

"हात जोडले त्याने माझ्यापुढे. मी त्याचं घेतलं होतं की. नाही कसं म्हणणार? तिथल्याच संडासात दोन्ही नळ्या मी भरल्या. आणि माझ्या बापाचं तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, न कळता जगला तर जगेल चार वर्षं. कळलं असतं तर..."

"कळलं होतं भाऊजी त्यांना," मी म्हणाले. "तुमच्या वडलांसारखंच कळलं होतं. फक्त औषध मिळालं नाही."

मला त्याला आणखी बोलायचं होतं. तोंडात पुष्कळ काही होतं आणि सगळं वाईट होतं. पण खरा माणूस आत होता. मी आत गेले आणि बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा.

"भाऊजींनी सांगितलं मला," मी म्हणाले.

यांनी डोळे मिटून घेतले. "तुला सांगू नको म्हटलं होतं त्याला."

"का केलंत असं? माझी शपथ घेऊन?"

यांनी चादरीची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "सात कागदांवर माझंच खराब होतं गं. एक कागद बरा हवा होता. माझ्या नावाचा."

"खोटा कागद."

"खोटाच. मला कळत होतं की. घरी येईपर्यंत कळत होतं." त्यांना धाप लागली, थोडं थांबले. "मग तू तो वाचलास. पायरीवर बसून रडलीस. तुझा चेहरा बघितला आणि मला वाटलं, असेलही खरं. तुझ्याकडे बघून वाटलं."

मी ऐकत होते. वाटत होतं की यांनी आता तरी थांबावं.

"फार छान गेले ते दिवस," हे म्हणाले. "तू मला ओरडायची थांबली होतीस."

रडू येईल असं मला वाटलं होतं. आला तो राग, आणि इतका आला की दात आवळून धरावे लागले. लग्न झाल्यापासून या माणसावर मी शंभर वेळा रागावले आणि प्रत्येक वेळी कुठेतरी तो राग संपायचा. हा संपायला यांनी वेळच ठेवला नव्हता. मरायला टेकलेल्या माणसावर हात उचलता येत नाही. मी त्यांची घसरलेली उशी सरळ केली आणि बाहेर बसलेल्या सहा निरोगी माणसांना घरी जा म्हणून सांगायला उठले.